रँक सुधारली, फोन मात्र वाजत नाही: ट्रॅफिक रँकवरून सर्चचं काम मोजताना होणारा घोळ

गुगलच्या शोधात साइट वर यावी, या ‘सर्चच्या कामा’साठी नेमलेल्या एजन्सीची पीडीएफ महिनाअखेरीला येते. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात असतं: गेल्या महिन्यात जागतिक रँक 38 लाख, या महिन्यात 21 लाख. ही ट्रॅफिक रँक, म्हणजे साइटवर येणाऱ्यांच्या अंदाजावरून सगळ्या साइटमध्ये आपला क्रमांक कितवा; आकडा लहान तितका चांगला. शेजारी हिरवा बाण. दुकानदार विचारतो, "रँक सुधारलीय म्हणताय, मग फोन कुठं वाजतोय?" पुढच्या महिन्यात तीच रँक 45 लाखांवर जाते आणि मालक घाबरून सगळं कामच थांबवतो. गुगलवरून येणारे क्लिक त्याच महिन्यात वाढलेले असतात, पण ते कुणी पाहिलेलेच नसतात.

कोल्हापुरात चपलांचं दुकान असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फौंड्री असो, ऑनलाइन गूळ विकणारा असो की अंबाबाई मंदिराजवळचा लॉज, तक्रार सगळीकडे हीच आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच. वेबसाइट दोन्ही महिन्यांत ठीकठाक चाललेली असते. चुकलेलं असतं ते माप. खाली ते माप कुठं चुकतं आणि त्याच्या जागी काय मोजायचं, हे ज्या क्रमाने तपासावं त्याच क्रमाने दिलं आहे.

रिपोर्टातली रँक कुणाची, हे आधी विचारा

बऱ्याच रिपोर्टांत अजून ‘अलेक्सा रँक’ असा रकाना सापडतो. संकेतस्थळांची क्रमवारी लावणारी अलेक्सा इंटरनेट ही कंपनी 1996 मध्ये सुरू झाली, 1999 मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली आणि 1 मे 2022 रोजी ती संकेतस्थळ-क्रमवारी बंद झाली. त्यामुळे आज कुणी ताजी अलेक्सा रँक म्हणून आकडा दाखवत असेल, तर तो जुना तरी आहे किंवा भलत्याच साधनातून आणून जुन्या नावाखाली बसवलेला तरी आहे. एजन्सीला सरळ विचारा: साधन कोणतं, रँक जागतिक की भारतातली, आणि किती दिवसांच्या आकड्यांवर काढलेली? या तीन प्रश्नांची उत्तरं एका मेलमध्ये आली नाहीत, तर रिपोर्टातली ती ओळ वाचायचीच नाही.

आता जी साधनं चालू आहेत, त्यांची मोजायची पद्धत एकमेकांशी जुळत नाही. सिमिलरवेब वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या नमुन्यावरून भेटींचा अंदाज बांधतं. क्लाउडफ्लेअर रडार 1.1.1.1 या स्वतःच्या डीएनएस सेवेकडे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) येणाऱ्या विचारणांवर चालतं. पहिल्या शंभर डोमेनना, म्हणजे साइटच्या नावांना, क्रमांक देतं आणि त्यापुढे फक्त टप्पे सांगतं. गुगलच्या क्रोम युजर एक्सपिरियन्स रिपोर्टमध्येही अचूक क्रमांक नसतो, पहिल्या 1 हजारात, 10 हजारांत, 1 लाखात, 10 लाखांत असे टप्पेच असतात. ट्रँको ही यादी संशोधकांसाठी आहे. ती इतर याद्या एकत्र करून 30 दिवसांची सरासरी काढते. आणि मॅजेस्टिक मिलियन तर तुमच्याकडे किती ठिकाणांहून लिंक येतात यावर ठरते, तिथं भेटींचा संबंधच नाही.

जानेवारीत एका साधनाची रँक आणि फेब्रुवारीत दुसऱ्याची, असं शेजारी-शेजारी मांडलं तर येणारी ‘प्रगती’ फक्त साधन बदलल्याची असते. मोझची ‘डोमेन ऑथॉरिटी’ही अनेकदा याच तक्त्यात घुसडलेली असते. 1 ते 100 मधला तो आकडा मोझ कंपनीने लिंकांवरून काढलेला अंदाज आहे. गुगल तो वापरत नाही आणि भेटींशीही त्याचा थेट संबंध नाही.

लहान साइटची रँक एवढी का उडते

घोळाचं मूळ इथं आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

समजा, तुमच्या साइटवर महिन्याला 1,200 माणसं येतात. कोल्हापुरातल्या दुकानासाठी हे वाईट नाही. रँक काढणाऱ्याच्या नमुन्यात दर हजारी एक माणूस आहे, असं धरू. म्हणजे तुमच्या 1,200 पैकी त्याला दिसतो एक, फार तर दोन. या महिन्यात एक दिसला, पुढच्या महिन्यात दोन, तर त्याच्या हिशेबात तुमची ट्रॅफिक दुप्पट झाली. तुमच्याकडे खरं तर काहीच बदललेलं नाही. त्यानंतरच्या महिन्यात एकही दिसला नाही, तर साइट यादीतूनच गायब होते किंवा ‘पुरेसा डेटा नाही’ असं येतं.

यात दुसरी गोष्ट मिसळते. क्रमवारीच्या वरच्या टोकाला दोन साइटमधलं अंतर लाखो भेटींचं असतं. खाली, वीस-तीस लाखांच्या आसपास, जवळपास सारखीच ट्रॅफिक असलेल्या लाखो साइट दाटीवाटीने उभ्या असतात. तिथं अंदाजात एका माणसाची भर पडली तरी क्रमांक दहा-पंधरा लाखांनी सरकू शकतो. 38 लाखांवरून 21 लाखांवर येणं हा डोळ्यांना केवढा तरी पल्ला वाटतो. त्यामागे नमुन्यातला एखादाच माणूस असू शकतो. अलेक्सा चालू होती तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं होतं की एक लाखाच्या पुढच्या रँकवर भरवसा ठेवू नये. नमुन्यावर चालणाऱ्या कुठल्याही साधनाला हे कमी-अधिक लागू आहेच.

मग नमुन्यात येणारा तो एक माणूस कोण? ब्राउझर एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर) चालणाऱ्या पाहणीत असं एक्स्टेन्शन बसवणारे बहुतेक वेळा वेबसाइटच्याच धंद्यातले असतात: डेव्हलपर, एजन्सीतली मुलं, स्पर्धकाची साइट तपासणारे. तुमचं गिऱ्हाईक अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये ‘कोल्हापुरी चप्पल नियर मी’ टाकतं, आणि तिथं एक्स्टेन्शन चालतच नाही. खरं गिऱ्हाईक नमुन्याबाहेर आणि एजन्सीतला पोरगा रोज दहा वेळा नमुन्यात, असं होतं. नवीन एजन्सी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात रँक झपकन सुधारते, त्यामागे काही वेळा एवढंच असतं. त्यात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही. साइटवर काम करायचं म्हणजे ती उघडावीच लागते.

रँकला सर्च कळत नाही

नमुना अगदी अचूक आहे असं धरलं, तरी रँक मोजते ती डोमेनवरची सगळी ट्रॅफिक. इन्स्टाग्रामच्या रीलवरून आलेले, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकवरून आलेले, पैसे भरून दिलेल्या जाहिरातीवरून आलेले आणि गुगलवर शोधून आलेले, सगळे एकाच घमेल्यात. सर्चचं काम पुढे गेलं की नाही, हे त्यातून वेगळं काढायची सोयच नाही.

शिवाय कोण आलं याला रँकमध्ये किंमत नाही. सीआय कास्टिंग (बिडाचं ओतकाम) करणाऱ्या फौंड्रीला पुण्या-चाकणच्या कंपन्यांतले तीस खरेदी अधिकारी हवे असतात. तिच्या साइटवर ‘ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नमधला फरक’ असा लेख टाकला आणि त्यावर इंजिनिअरिंगचे पाच हजार विद्यार्थी आले, तर रँक सुधारेल, पण चौकशी एकही वाढणार नाही. लॉजच्या साइटवर तांबड्या रश्श्याची पाककृती टाकली की हेच होतं. असे लेख लिहूच नयेत असं नाही, पण त्यांची ट्रॅफिक खोल्यांच्या चौकशीत मिसळून मोजू नये.

आणि रँक ही शर्यतीतली जागा आहे. इतर साइट खाली गेल्या तर तुम्ही काही न करता वर येता. त्या पुढे गेल्या तर तुमच्या भेटी वाढूनही तुम्ही खाली जाता.

खरी तपासणी: सर्च कन्सोल

गुगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि तुमच्या साइटबद्दल तिथं गुगलची स्वतःची नोंद असते. सुरुवात मालकीपासून करा. प्रॉपर्टी ‘डोमेन’ प्रकारची घ्या, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवायचे, सुरक्षित आणि साधे, सगळे पत्ते एकत्र येतात. पडताळणी डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकून होते. मालक म्हणून दुकानाचाच जीमेल असावा आणि एजन्सीला ‘फुल युजर’ म्हणून जोडावं. अनेक ठिकाणी हे उलटं असतं, आणि एजन्सी बदलली की दुकानदाराला आपलेच जुने आकडे बघता येत नाहीत. कन्सोल 16 महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं, पण प्रॉपर्टी जोडली त्या सुमारापासूनच ती साठायला लागते. त्यामुळे साइट नवीन असेल तर हे काम आजच करा.

मग ‘परफॉर्मन्स’ उघडा आणि क्लिक, इंप्रेशन (निकालात साइट किती वेळा दिसली), सरासरी सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (निकालात कितवी जागा) हे चारही डबे चालू करा. देशाच्या गाळणीत भारत निवडा. माल बाहेर पाठवत असाल तर ते देश वेगळे बघा.

सगळ्यात महत्त्वाची गाळणी शब्दांची. दुकानाच्या नावाने शोधून आलेला माणूस तुम्हाला आधीच ओळखतो. तो सर्चच्या कामाने मिळालेला नाही. म्हणून ‘क्वेरी’च्या (शोधलेल्या शब्दांच्या) गाळणीत ‘कस्टम रेजेक्स’ हा एकाच वेळी अनेक शब्द गाळणारा पर्याय घ्या, त्यात दुकानाचं नाव, लोक ते लिहितात ती सगळी वेडीवाकडी स्पेलिंगं आणि मालकाचं आडनाव अशी उभ्या रेघेने वेगळी करून टाका, आणि ‘जुळत नाही’ हा पर्याय निवडा. उरतात ते नाव न घेता आलेले क्लिक. सर्चची प्रगती म्हणजे मुख्यतः हाच आकडा. नावाने येणारे क्लिकही वेगळे लिहून ठेवा, कारण पेपरातली जाहिरात, बोर्ड, प्रदर्शन यांचा परिणाम तिथं दिसतो.

मराठी साइटवाल्यांनी लिपीचं भान ठेवावं. एकच माणूस सकाळी देवनागरीत ‘सेंद्रिय गूळ’ बोलून शोधतो आणि रात्री तेच रोमन लिपीत टाइप करतो. वर गूळ, गुळ, जॅगरी, ऑर्गॅनिक असे फाटे. गाळणीत एकच रूप टाकलं तर उरलेले सगळे नजरेआड राहतात. एक्स्पोर्ट केलेल्या यादीत 1,000 ओळींपर्यंतच शब्द मिळतात आणि फार थोड्या लोकांनी वापरलेले शब्द गुगल गोपनीयतेसाठी दाखवतच नाही. त्यामुळे शब्दांची बेरीज वरच्या एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. त्यात काही बिघाड नाही.

सरासरी पोझिशनचा फास

ट्रॅफिक रँक सोडून लोक सर्च कन्सोलकडे येतात आणि इथं अडकतात. उदाहरण घेऊ. पहिल्या महिन्यात तुमची साइट एकाच शब्दावर दिसत होती: 500 इंप्रेशन, पोझिशन 4. सरासरी 4. दुसऱ्या महिन्यात तुम्ही नवी पानं लिहिली. जुना शब्द तिथंच आहे, 500 इंप्रेशन, पोझिशन 4. पण काही नव्या शब्दांवर साइट पहिल्यांदाच दिसायला लागली: 300 इंप्रेशन, पोझिशन 45. हिशोब असा: 500 गुणिले 4 म्हणजे 2,000, 300 गुणिले 45 म्हणजे 13,500, एकूण 15,500, भागिले 800. सरासरी 19.4.

रिपोर्टात लिहिलं जातं, ‘पोझिशन 4 वरून 19 वर घसरली’. खरं तर काहीच घसरलं नाही, शेताला नवा तुकडा जोडला गेला आहे आणि तिथं अजून पीक यायचं आहे. म्हणून पूर्ण साइटची सरासरी पोझिशन कधीही एकट्याने वाचू नका. धंद्याला पैसे देणारे दहा-पंधरा शब्द निवडा, त्यांची पोझिशन आणि क्लिक वेगवेगळे लिहा, आणि दर वेळी तेच शब्द घ्या.

उलट बाजूचा फासही आहे. सप्टेंबर 2025 मध्ये गुगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची जुनी सोय बंद केली. रँक तपासणारी अनेक साधनं त्याच वाटेने निकाल ओरबाडत होती, आणि त्यांच्या यांत्रिक विचारणांनी इंप्रेशन फुगत होती. ती थांबल्यावर अनेक साइटची इंप्रेशन, विशेषतः डेस्कटॉपवरची, एकदम कमी झाली आणि सरासरी पोझिशन सुधारल्यासारखी दिसली. त्या तारखेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांची तुलना करताना इंप्रेशन आणि पोझिशन बाजूला ठेवा, क्लिक बघा.

कॅलेंडर आणि पंचांग

गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, असं सगळे सांगतात. सल्ला बरोबर आहे, पण कोल्हापुरात तो जसाच्या तसा चालत नाही. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती, 2025 मध्ये 22 सप्टेंबरला. मंदिराजवळच्या लॉजने सप्टेंबर 2025 ची सप्टेंबर 2024 शी तुलना केली तर झेप दिसेल आणि ऑक्टोबरची केली तर आपटी. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घटस्थापना 11 ऑक्टोबरला जाते, म्हणजे हा गोंधळ पुन्हा उलटा होईल. सर्च कन्सोलमध्ये ‘कंपेअर’मध्ये ‘कस्टम’ तारखा टाकता येतात. घटस्थापनेच्या 21 दिवस आधीपासून दसऱ्यापर्यंतचा काळ दोन्ही वर्षांत घ्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेलाही हेच. दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मीपूजनापासून मागे दिवस मोजा.

चपलांचं गणित वेगळं. पावसाळ्यात चामडी चप्पल मागे पडते, लग्नसराईत मागणी चढते. जूनपासूनची उतरण साइटच्या माथी मारू नका. एखादी बातमीही आकडे हलवते. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणं दाखवली, त्यावरून वाद झाला आणि ‘कोल्हापुरी’ हा शब्द जगभरच्या बातम्यांत आला. त्या आठवड्यांतली इंप्रेशनची वाढ आपल्या टायटल टॅगमुळे (निकालात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकामुळे) झाली असं कुणी सांगत असेल, तर कुठला शब्द किती शोधला जातो हे दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर तोच शब्द टाकून बघा. तिथं आणि तुमच्याकडे एकाच वेळी डोंगर दिसला, तर ती लाट सगळ्यांची होती.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत

ही पुढची हमखास तक्रार: सर्च कन्सोल म्हणतं 310 क्लिक, साइटवरच्या भेटी मोजणारं गुगल ॲनालिटिक्स म्हणतं 262 सेशन (भेटी). जुळणार नाहीतच. क्लिक आणि सेशन या वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅकिंग अडवणारे ब्राउझर, पानातला टॅग (भेट मोजणारा कोडचा तुकडा) चालू व्हायच्या आत मागे गेलेला माणूस, या सगळ्यांत तूट येते. शिवाय दिवसाची हद्द वेगळी. सर्च कन्सोलच्या नेहमीच्या अहवालातला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने मोजला जातो. भारतात तो दुपारी 12.30 ला सुरू होतो, तिकडच्या हिवाळ्यात 1.30 ला. ॲनालिटिक्समध्ये भारतीय वेळ लावलेली असते. म्हणून दिवसाचा दिवसाशी मेळ घालत बसू नका, आठवड्याची बेरीज घ्या. ताज्या दोन-तीन दिवसांचे आकडे अपुरे असतात, तेही सोडा. तफावत दर आठवड्याला साधारण तेवढीच राहिली तर काळजी नाही. एखाद्या आठवड्यात ती अचानक दुप्पट झाली, तर कुठल्या तरी पानावरून टॅग उडाला आहे. बहुधा थीम बदलताना किंवा नवीन पान टाकताना.

फोन वाजला की नाही, हे मोजायची सोय आहे का?

इथं खूप साइट उघड्या पडतात. ॲनालिटिक्स 4 दुसऱ्या डोमेनकडे जाणाऱ्या लिंकवरचे क्लिक आपोआप टिपतं, त्यामुळे व्हॉट्सॲपची लिंक पकडली जाते. पण फोन नंबरवरची टिचकी आपोआप मोजली जात नाही. त्यासाठी टॅग मॅनेजर या गुगलच्या टॅग बसवायच्या साधनात ‘जस्ट लिंक्स’ हा ट्रिगर घ्या आणि क्लिकचा पत्ता ‘tel:’ ने सुरू होत असेल तर ॲनालिटिक्सकडे इव्हेंट (घडलेल्या कृतीची नोंद) पाठवा, अशी अट घाला. मग तो इव्हेंट ‘की इव्हेंट’ (महत्त्वाची कृती) म्हणून चालू करा. साइटवर नंबर नुसता चित्रात लिहिलेला असेल, तर आधी तो टिचकी मारता येईल असा करा. नाहीतर मोजायला काहीच नाही आणि गिऱ्हाइकालाही त्रास.

ॲनालिटिक्समध्ये डेटा साठवण्याची मुदत मुळात 2 महिने असते. ती सेटिंगमध्ये जाऊन 14 महिने करा, नाहीतर ‘एक्सप्लोरेशन’मध्ये गेल्या वर्षीशी तुलना करता येणार नाही. दुकानातल्या आणि एजन्सीतल्या भेटी वगळायला ‘इंटर्नल ट्रॅफिक’ची गाळणी लावा. ती सुरुवातीला ‘टेस्टिंग’वर असते, ‘ॲक्टिव्ह’ केल्याशिवाय काही वगळत नाही. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात साधं ब्रॉडबँड असेल तर आयपी पत्ता बदलत राहतो आणि गाळणी गुपचूप निकामी होते. महिन्यातून एकदा तपासा.

आणि अनेक गिऱ्हाइकं वेबसाइटवर येतच नाहीत. गुगल मॅपवर दुकान दिसतं, तिथूनच ‘कॉल’ दाबतात. मॅपवर दिसणाऱ्या दुकानाच्या गुगल बिझनेस प्रोफाइलच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये कॉल, रस्ता विचारणारे आणि साइटवर गेलेले हे वेगळे दिसतात. तिथला कॉल म्हणजे बटण दाबल्याची नोंद. फोन उचलला गेला की नाही, हे त्यात नसतं. प्रोफाइलमधल्या साइटच्या लिंकला यूटीएम (भेट कुठून आली हे सांगणारी पत्त्याची शेपटी) जोडा, स्रोत गुगल, माध्यम ऑर्गॅनिक (जाहिरातीविना शोधातून आलेलं) आणि मोहिमेचं नाव ‘मॅप’ असं काहीतरी. मग नकाशावरून आलेले आणि साध्या निकालातून आलेले ॲनालिटिक्समध्ये वेगळे ओळखता येतात. कोल्हापूरच्या किरकोळ दुकानांसाठी आमच्या मते साइटच्या आधी हे प्रोफाइल नीट करावं.

शेवटची नोंद काउंटरवरची. ऑर्डरच्या वहीत ‘कुठून कळलं’ असा एक रकाना आखा: गुगल, मॅप, इन्स्टा, ओळखीतून. माणसं दर वेळी नेमकं सांगत नाहीत, पण दिशा कळते. महिन्याला सात चौकश्या येणाऱ्या फौंड्रीला तर सगळ्या डॅशबोर्डांपेक्षा हा रकाना जास्त सांगतो.

रँक खरंच घसरली तर

ट्रॅफिक रँक खाली गेली आणि नाव न घेता येणारे क्लिक जागेवर असतील, तर काही करू नका. रँक आणि क्लिक दोन्ही खाली गेले, तर इंप्रेशन बघा.

इंप्रेशन तेवढीच आणि क्लिक कमी: लोक शोधतायत, तुम्ही दिसताय, पण दाबत नाहीत. एक तर त्या ठरवलेल्या शब्दांवर पोझिशन खाली सरकली, किंवा निकालाच्या वरच्या भागात जाहिराती, नकाशा किंवा गुगलचं एआयने तयार केलेलं उत्तर आलं. तोच शब्द फोनवर खाजगी विंडोमध्ये शोधून प्रत्यक्ष पडदा बघा. पाच मिनिटांत कारण दिसतं.

इंप्रेशनही कमी: आधी पंचांग आणि ट्रेंड्स तपासा. हंगाम नसेल तर सर्च कन्सोलमधला ‘पेजेस’ अहवाल उघडा. कुठली पानं इंडेक्समधून (गुगलच्या नोंदीतून) गेली? नवी साइट चढवताना डेव्हलपरने ‘नोइंडेक्स’ (हे पान नोंदू नका अशी गुगलला सूचना) तसंच ठेवलं, जुन्या पत्त्यांवरून नव्यावर 301 हे कायमचं वळण दिलं नाही, या दोन कारणांवर पहिला संशय घ्या. नंतर ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ (नियम मोडल्याबद्दल गुगलने केलेली कारवाई) बघा, आणि गुगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर त्या तारखांना कोअर अपडेट (निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल) होतं का, तेही. अपडेट चालू असताना मजकूर उलथापालथ करू नका. ते पूर्ण होऊन आठवडाभर गेल्यावर तुलना करा.

एक वेगळा प्रकार: रँक झपाट्याने सुधारते, ॲनालिटिक्समध्ये भेटीही वाढतात, पण सगळ्या ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे कुठून आल्या हे कळत नाही अशा. सरासरी एंगेजमेंट वेळ दोन-तीन सेकंद, एकच पान, आणि जिथं तुमचा माल कधी जात नाही असे देश किंवा शहरं. ही बॉटची (माणसाऐवजी प्रोग्रॅमने केलेली) किंवा विकत घेतलेली ट्रॅफिक. सर्च कन्सोलमधले क्लिक अशा वेळी हललेले नसतात, त्यावरून लगेच ओळखू येते. रँक सुधारण्याच्या अटीवर पैसे ठरवले की असं काही करण्याचा मोह होतो, म्हणून करारात ती अट मुळात घालू नका.

रिपोर्टात काय मागायचं

एक साधी शीट पुरते, दर सोमवारी भरायची. रकाने: नाव न घेता आलेले क्लिक, नावाने आलेले क्लिक, ऑर्गॅनिक सेशन, फोनवरच्या टिचक्या, व्हॉट्सॲपवरच्या टिचक्या, भरलेले फॉर्म, मॅपवरचे कॉल, वहीतल्या चौकश्या. शेवटचा रकाना ‘काय बदललं’ असा ठेवा आणि तो रिकामा सोडू नका: टायटल बदललं, नवं पान टाकलं, जाहिरात बंद केली, यात्रा होती, सर्व्हर दोन तास बंद होता. सहा महिन्यांनी आलेख खाली का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा याच रकान्यात सापडतं. निर्णय चार-चार आठवड्यांच्या बेरजा शेजारी ठेवून घ्या. एका आठवड्यावर घेऊ नका, कारण 40 क्लिकांचे 52 होणं हे नुसत्या योगायोगानेही होतं.

ट्रॅफिक रँकला एक जागा उरते. मोठ्या व्यापारी पोर्टलवर वर्षभराची जाहिरात घ्यायची आहे आणि तीन पोर्टलांपैकी कुणाकडे लोक जास्त जातात हे बघायचंय, किंवा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या स्पर्धकाची दिशा बघायचीय, तर रँक उपयोगी. त्या साइटचे आतले आकडे तुम्हाला मिळणार नाहीत आणि त्यांची ट्रॅफिक नमुन्यात नीट दिसण्याएवढी मोठी असते. एकच साधन, एकच देश, तेच महिने घ्या आणि किमान सहा महिन्यांची दिशा बघा. नेमका क्रमांक सोडून द्या. पोर्टलवाल्याकडून त्याच्या स्वतःच्या ॲनालिटिक्सचा, तुमच्या विभागापुरता स्क्रीनशॉटही मागा, आणि तो दिला नाही तर वर्षाऐवजी तीन महिन्यांचेच पैसे भरा.